खासदाराला मिळतं किती आणि कशासाठी?

24 मार्च 2025 रोजी संसदीय कामकाज मंत्रालयाची एक अधिसूचना निघाली आणि तिची बातमी लगोलग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरू लागली : खासदारांचा पगार महिना एक लाखावरून 1 लाख 24 हजार. शेतमालाला भाव नाही, भरती रखडलेली, आणि यांचे पगार मात्र वाढतात, असा संतापही सोबत आला. हा संताप समजण्यासारखा आहे. पण त्यात पगार, भत्ते, खासदार निधी, पेन्शन आणि दिल्लीतलं घर हे सगळं एकाच माळेत ओवलं जातं, आणि नेमकं बोट कशावर ठेवायचं तेच हरवून जातं. माझं मत आधीच सांगतो. पगाराचा आकडा फार मोठा नाही. तो ठरवायचा कोणी, वर्षातले किती दिवस संसद भरते आणि खासदाराच्या हाताशी कामाची माणसं किती, हे त्याहून मोठे प्रश्न आहेत, आणि त्यांच्यावर आपण जवळजवळ बोलतच नाही.

नोकरी नव्हे, मुदत

खासदार हा सरकारचा नोकर नसतो. त्याला नेमणूकपत्र नसतं, वार्षिक वेतनवाढ नसते, अर्जित रजा नसते, भविष्य निर्वाह निधी नसतो, ग्रॅच्युइटी नसते. वेतन आयोग त्याला लागू नाही. त्याचा पगार करपात्र असतो, पण मालक-नोकर हे नातंच नसल्यामुळे आयकराच्या हिशेबात तो ‘पगार’ या सदरात न येता ‘इतर उत्पन्न’ म्हणून धरला जातो. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात 1984 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आमदारांच्या बाबतीत आला होता. आमदार सरकारच्या पगारावर असलेला माणूस नाही, म्हणून दंडसंहितेच्या व्याख्येत तो लोकसेवक बसत नाही, असं घटनापीठाने तेव्हा सांगितलं. पुढे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरतं आमदार-खासदारांना लोकसेवक मानलं जाऊ लागलं. म्हणजे लाच घेतली तर लोकसेवक, एरवी लोकप्रतिनिधी, अशी त्यांची कायद्यातली जागा आहे.

लोकसभेची मुदत पाच वर्षं. ती निकालाच्या दिवसापासून नव्हे, नव्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीपासून मोजतात. पाच वर्षं ही कमाल मर्यादा आहे, खात्री नव्हे. बारावी लोकसभा मार्च 1998 मध्ये बसली आणि एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडल्यावर बरखास्त झाली. तेरा महिन्यांत सगळे खासदार पुन्हा प्रचाराला लागले. राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही. तिथे सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. हे चक्र सुरू करण्यासाठी 1952 साली चिठ्ठ्या टाकून ठरवलं गेलं की पहिल्या सदस्यांपैकी कोण दोन वर्षांनी जाणार, कोण चार आणि कोण सहा. महाराष्ट्रातून लोकसभेवर 48 आणि राज्यसभेवर 19 जण जातात, गोव्यातून 2 आणि 1.

आपली मुदत आपणच वाढवून घ्यायची वेळ संसदेवर एकदा आली होती. पाचवी लोकसभा मार्च 1971 मध्ये बसली, म्हणजे मार्च 1976 मध्ये तिची मुदत संपत होती. देशात आणीबाणी होती. आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवता येते, अशी तरतूद घटनेत आहे. तिचा आधार घेऊन संसदेने मुदत वाढवली, नंतर पुन्हा वाढवली, आणि 42 व्या घटनादुरुस्तीने तर कायमचीच सहा वर्षं करून टाकली. त्या वेळी पुण्यात वाढलेले आणि बिहारमधून निवडून गेलेले मधु लिमये तुरुंगात होते. मतदारांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलं आहे, सहाव्या वर्षावर माझा हक्क नाही, ही त्यांची भूमिका होती, आणि त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. त्यांच्यासोबत शरद यादव यांनीही दिला. एवढ्या मोठ्या सभागृहात मुदतवाढीच्या निषेधार्थ खुर्ची सोडणारे म्हणून ही दोन नावं आजही घेतली जातात. पुढे जनता राजवटीत 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली.

मुदत संपण्याआधीही खासदारकी जाऊ शकते. कोर्टात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की खासदारकी रद्द होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालापासून अपिलाची वाट पाहण्याची सवलतही उरलेली नाही. पक्ष सोडला किंवा पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडून मतदान केलं तर 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आडवा येतो. सरकारकडून पगारी पद घेतलं तर ‘लाभाचं पद’ म्हणून जागा जाते. 2006 साली जया बच्चन यांची राज्यसभेची जागा अशीच गेली. आणि परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिकामी जाहीर करू शकतं. या साठ दिवसांत अधिवेशन संपल्यानंतरचे किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकुबीचे दिवस धरत नाहीत, त्यामुळे हा नियम दिसतो तितका कडक नाही. मतदारांना मात्र खासदाराला मध्येच परत बोलावता येत नाही. तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही.

पगाराचा हिशेब

आता आकडे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले दर असे आहेत. पगार महिना 1,24,000. मतदारसंघ भत्ता 87,000. कार्यालयीन खर्चाचा भत्ता 75,000, त्यातले 50,000 संगणक येणाऱ्या सहायकाच्या पगारासाठी आणि 25,000 कागद, टपाल वगैरेंसाठी. एकूण महिना 2,86,000. शिवाय सभागृहाच्या किंवा समितीच्या बैठकीला हजर राहून सही केली की त्या दिवसाचा दैनिक भत्ता 2,500 रुपये. पगारावर कर लागतो, दैनिक आणि मतदारसंघ भत्त्यावर लागत नाही. ‘खासदारांना आयकरच नाही’ हे जे फिरतं ते अर्धं खरं आहे ते असं.

हे आकडे कुणाच्या लहरीने आलेले नाहीत, आणि ते तपासून पाहणं कुणालाही जमेल. 2018 साली तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटलींनी अर्थसंकल्पात जाहीर केलं की खासदारांचा पगार यापुढे दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप बदलेल. निर्देशांक आयकर खात्याचाच, घर-जमीन विकल्यावर नफा काढताना वापरतात तो. 2018-19 साठी तो 280 होता, 2023-24 साठी 348. भागाकार केला तर वाढ 24 टक्क्यांच्या किंचित वर येते. एक लाखाचे झाले 1,24,000. पंचवीस हजारांच्या पेन्शनचे बरोबर 31,000. सत्तर हजारांच्या मतदारसंघ भत्त्याचे 86,800, ते वर ओढून 87,000. मार्च 2025 मध्ये बातमी झाली ती ही वाढ. ती दोन वर्षं मागच्या तारखेपासून लागू केली म्हणून डोळ्यांत भरली. पुढची वाढ याच हिशेबाने 1 एप्रिल 2028 ला होईल.

तुलनेसाठी : सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या सचिवाचं मूळ वेतन 2,25,000 आहे आणि कॅबिनेट सचिवाचं 2,50,000. राष्ट्रपतींना पाच लाख, राज्यपालांना साडेतीन लाख. कागदावर प्रोटोकॉलमध्ये खासदार सचिवाच्या वर बसतो, पगारात बराच खाली.

ही तुलना खासदारांनाही बोचते. 2010 साली पगार 16,000 होता. त्या वेळी संसदेच्या समितीने शिफारस केली 80,001 रुपयांची. तो वरचा एक रुपया मुद्दाम होता, कारण सचिवांना तेव्हा 80,000 मिळत होते. मंत्रिमंडळाने 50,000 मंजूर केले, सभागृहात आरडाओरडा झाला आणि मग भत्त्यांत आणखी भर पडली. डाव्या पक्षांनी त्या वाढीला विरोध केला होता, हेही नोंदवायला हवं.

1954 साली कायदा झाला तेव्हा पगार महिना 400 रुपये होता. 1964 मध्ये 500, 1985 मध्ये 1,000, 1998 मध्ये 4,000, 2001 मध्ये 12,000, 2006 मध्ये 16,000, 2010 मध्ये 50,000, 2018 मध्ये एक लाख. दशकानुदशकं अगदी कमी आणि मग एकदम तिप्पट, अशी ही चढण आहे. मला तरी यात लालसेपेक्षा लाजच जास्त दिसते. स्वतःचा पगार स्वतः वाढवायला खासदार कचरतात, वर्षानुवर्षं टाळतात, आणि मग एका दिवसात सगळी भरपाई करून घेतात. एकदा तो खालीही आला : कोविडच्या पहिल्या वर्षी, एप्रिल 2020 पासून बारा महिने, पगारात 30 टक्के कपात झाली.

स्वतःच्या पानात स्वतः वाढणं

घटनेचं कलम 106 सांगतं की खासदारांचे पगार आणि भत्ते संसद कायद्याने ठरवेल. म्हणजे घेणारे आणि ठरवणारे एकच. ही अडचण फक्त आपली नाही.

अमेरिकेत यावर जुना उपाय आहे. काँग्रेसने पगार बदलला तरी मध्ये एक निवडणूक होऊन गेल्याशिवाय तो बदल लागू होत नाही, अशी त्यांची 27 वी घटनादुरुस्ती सांगते. ती मांडली गेली 1789 साली आणि मंजूर झाली 1992 साली. वाढ मिळणार ती पुढच्या सभागृहाला, त्यामुळे स्वतःच्या पानात पडण्याआधी मध्ये मतदारांचा कौल येतो. ब्रिटनमध्ये 2009 साली खासदारांच्या खर्चाच्या बिलांचा मोठा घोटाळा बाहेर आला. दुसऱ्या घराचं कर्ज, बागकाम, फर्निचर असली बिलं लोकांच्या पैशातून वसूल झाली होती. त्यानंतर तिथे एक स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. आता पगार तेच ठरवतं, बिलं तेच तपासतं आणि खर्च लोकांसमोर मांडतं. 2025 मध्ये तिथल्या खासदाराचा वार्षिक पगार 93,904 पौंड झाला आणि त्यावर सभागृहात मतदान करावं लागलं नाही.

आपल्या 2018 च्या दुरुस्तीने अर्धं काम केलं. आकड्याचं भांडण मिटलं. पण भत्ते किती आणि कोणते असावेत, घर कुणाला केवढं मिळावं, पेन्शनच्या अटी काय असाव्यात, हे अजूनही संसदेच्याच हातात आहे. निर्देशांक महागाई मोजतो, गरज मोजत नाही. एकदा शांतपणे बसून खासदाराला काम करायला खरोखर काय लागतं हे बाहेरच्या कुणीतरी तपासायला हवं.

ते का, हे गडचिरोली-चिमूरकडे पाहिलं की कळतं. हा लोकसभा मतदारसंघ गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून चंद्रपूरच्या चिमूर, ब्रह्मपुरीला कवेत घेत तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचापर्यंत पसरला आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर तीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता, तोही जंगलातला, पावसाळ्यात नाल्यांच्या पुरांनी तुटणारा. दक्षिण मुंबईचा खासदार कुलाब्याहून निघून वरळीला गेला की त्याने मतदारसंघाची बरीचशी लांबी पार केली. मतदारसंघ भत्ता दोघांनाही सारखाच, 87,000. भामरागडच्या माणसाला खासदाराची गाठ घ्यायची असेल तर दिवस मोडतो, आणि खासदाराला तिथे पोचायचं असेल तरी दिवस मोडतो. मतदारसंघाच्या क्षेत्रफळाप्रमाणे भत्ता का नसावा, हा प्रश्न मला पगारापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

रोख नसलेल्या सोयी

दिल्लीत खासदाराला मुदत असेपर्यंत बिनभाड्याचं घर मिळतं. नॉर्थ अव्हेन्यू आणि साऊथ अव्हेन्यूवरचे फ्लॅट जुने, ज्येष्ठांना बंगले. ऑगस्ट 2025 मध्ये बाबा खडकसिंग मार्गावर 184 नव्या सदनिकांचं उद्घाटन झालं. त्यांच्या चार इमारतींना कृष्णा, गोदावरी, कोसी आणि हुगळी अशी नावं आहेत. प्रत्येक घर सुमारे पाच हजार चौरस फुटांचं. वर्षाला 50,000 युनिट वीज आणि 4,000 किलोलिटर पाणी मोफत. वर्षाला 34 एकेरी विमानप्रवास, त्यातले काही पती-पत्नी किंवा सोबत्याला वापरता येतात. देशभर कुठेही रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या एसी डब्याचा पास. वैद्यकीय सेवा केंद्र सरकारच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या धर्तीवर. संसदेच्या कॅन्टीनमधल्या स्वस्त थाळीचे फोटो अजून फिरतात, पण ती सबसिडी जानेवारी 2021 मध्ये बंद झाली.

या सोयी कमी नाहीत. रत्नागिरीचा किंवा नंदुरबारचा माणूस दिल्लीत वर्षातून तीन वेळा आठवडेच्या आठवडे राहणार असेल तर त्याला घर आणि प्रवास लागणारच, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाच हजार चौरस फूट आणि 50,000 युनिटं हे कामाच्या गरजेच्या पलीकडचं आहे असं मला वाटतं, आणि तेवढ्याच पैशात अभ्यासाला दोन माणसं देता आली असती.

खासदार निधी मात्र या सोयींत येत नाही. डिसेंबर 1993 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आज वर्षाला पाच कोटी असतात. ते पैसे खासदाराच्या खात्यात जात नाहीत. तो फक्त काम सुचवतो : इथे समाजमंदिर, तिथे शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी. मंजुरी, टेंडर आणि बिल जिल्हा प्रशासनाकडे. टक्केवारीचे आरोप होतात ते या साखळीत. म्हणून निधीवर बोलायचं तर कामाच्या दर्जावर बोलावं, त्याला पगारात मिसळू नये.

काम कसं चालतं

संसदेची वर्षात तीन अधिवेशनं होतात : अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. सभागृह साधारणपणे अकराला बसतं, एक ते दोन जेवणाची सुट्टी, संध्याकाळी सहापर्यंत कामकाज. लोकसभेत पहिला तास प्रश्नोत्तरांचा.

समजा नाशिक भागातल्या खासदाराला कांदा निर्यातीवर प्रश्न विचारायचा आहे. तो निदान पंधरा दिवस आधी नोटीस देतो. त्या दिवसासाठी ढीगभर नोटिसा आलेल्या असतात, म्हणून क्रम सोडतीने लागतो. लोकसभेत रोज 20 तारांकित प्रश्न लागतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतो आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतो. आणखी 230 अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे. एका सदस्याच्या नावावर दिवसाला पाचपेक्षा जास्त प्रश्न लागत नाहीत आणि त्यातला तारांकित एकच. आपल्या खासदाराचं नाव सोडतीत बाराव्या क्रमांकावर आलं तर तासाभरात त्याची पाळी बहुधा येतच नाही. तोंडी उत्तरं अनेकदा पहिल्या चार-पाच प्रश्नांपर्यंतच पोचतात. गोंधळ झाला आणि सभागृह तहकूब झालं तर तेवढीही नाहीत. मग हाती उरतं ते लेखी उत्तर, आणि ते वाचून त्यातली पळवाट पकडायला अभ्यास लागतो : किती टन निर्यात झाली हे आकडे दिलेत, पण निर्यातशुल्काचा शेतकऱ्याच्या भावावर काय परिणाम झाला हे टाळलंय, आणि ते पुढच्या प्रश्नात कसं विचारायचं.

हा अभ्यास कोण करणार? महिन्याला 50,000 रुपयांत खासदार एक किंवा दोन माणसं ठेवू शकतो. तीच माणसं फोन घेतात, दौरा आखतात, रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्यासाठी पत्र लिहितात, मुलाला कॅन्सर झालेल्या बापासाठी पंतप्रधान साहाय्यता निधीची शिफारस टाइप करतात. केंद्रीय विद्यालयात वर्षाला दहा मुलांच्या प्रवेशाची शिफारस खासदाराला करता यायची, ती एप्रिल 2022 मध्ये बंद झाली. शे-दोनशे पालकांमधून दहा निवडायची कसरत तेवढी वाचली. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या सदस्याला 18 पूर्णवेळ माणसं ठेवता येतात. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या एका लोकसभा मतदारसंघात सरासरी 23 लाखांहून जास्त लोक येतात. तेवीस लाख लोक, एक खासदार, दोन सहायक. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेने 2010 पासून तरुणांना वर्षभर खासदारांसोबत संशोधक म्हणून जोडून द्यायला सुरुवात केली, तो उपक्रम चांगला आहे. पण संसदेचं मूळ काम एका बाहेरच्या फेलोशिपवर टेकलेलं असावं, हे काही बरं लक्षण नाही.

खरं बारकाईचं काम स्थायी समित्यांत होतं. खात्यांनुसार अशा 24 समित्या आहेत. प्रत्येकीत 21 सदस्य लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. तिथे कॅमेरे नसतात, व्हिप नसतो, सचिवांना बोलावून प्रश्न विचारले जातात. पक्षभेद बाजूला ठेवून काम करणारे खासदार इथे भेटतात, आणि बातम्यांत ते येत नाहीत.

सभागृहात मात्र खासदाराचं मत फारसं त्याचं राहिलेलं नाही. विधेयकावर व्हिप निघाला की विरोधात मत द्यायचं म्हणजे खासदारकी पणाला लावायची. स्वतःचं विधेयक मांडायला शुक्रवारची दुपार असते. पण स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 खासगी विधेयकं कायदा झाली, आणि शेवटचं 1970 साली.

आता दिवसांकडे या. पहिली लोकसभा पाच वर्षांत 677 दिवस बसली. सतरावी लोकसभा पूर्ण मुदतीत 274 दिवस, म्हणजे वर्षाला सरासरी 55. घटनेत वर्षाला किमान इतके दिवस बसा असं लिहिलेलंच नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, एवढंच आहे. अधिवेशन कधी बोलवायचं हे सरकार ठरवतं, खासदार नाही. ज्या विरोधी खासदाराला प्रश्न विचारायचा आहे, त्याच्या हातात तारीख नसते. पगारवाढीवर जितकं बोललं गेलं त्याच्या चतुर्थांश जरी या 55 दिवसांवर बोललं गेलं असतं, तरी वर्षाला किमान शंभर दिवसांची मागणी एव्हाना सगळ्या पक्षांच्या जाहीरनाम्यात आली असती.

बोलण्याचं संरक्षण

सभागृहात बोललेल्या कोणत्याही शब्दासाठी किंवा दिलेल्या मतासाठी खासदारावर कोर्टात दावा लावता येत नाही. कलम 105 चा हा विशेषाधिकार सरकारला घाबरून कुणी गप्प बसू नये म्हणून आहे. त्याचा गैरफायदा कसा होतो हे फार लवकर दिसलं. 1951 साली हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं उघड झालं. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः कारवाईचा ठराव मांडला. मुदगल यांनी आधीच राजीनामा दिला, तरी हकालपट्टीला ते पात्र होते असं सभागृहाने नोंदवून ठेवलं. डिसेंबर 2005 मध्ये प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांना घरी पाठवलं गेलं. मत देण्यासाठी लाच घेतली तरी संरक्षण मिळतं, असा 1998 चा एक निकाल होता. तो सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च 2024 मध्ये फिरवला. आता लाच ही लाचच.

पेन्शन

लोकांचा राग मला सगळ्यात जास्त पटतो तो पेन्शनबाबत. खासदारांना पेन्शन 1976 साली सुरू झाली, महिना 300 रुपये. आज ती 31,000 आहे. पाच वर्षांच्या पुढे जितकी वर्षं खासदारकी, त्या प्रत्येक वर्षाला महिना 2,500 जास्त. सुरुवातीला किमान सेवेची अट होती, ती पुढे काढून टाकली. आज कितीही थोडा काळ खासदार राहिलं तरी पेन्शन लागू होते. आधी आमदार असेल तर ती पेन्शन वेगळी. 2018 साली सर्वोच्च न्यायालयात याला आव्हान दिलं गेलं. पेन्शन द्यायची की नाही हे ठरवणं संसदेच्या अधिकारात आहे, असं म्हणून कोर्टाने ती याचिका फेटाळली. कायद्याने बरोबरच आहे ते.

पण मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातले शिक्षक, नर्स, कारकून संपावर गेले होते. नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या या माणसांची जुनी पेन्शन बंद झाली. तीस वर्षं शाळेत शिकवणाऱ्याला जुनी पेन्शन नाही आणि तेरा महिने लोकसभेत बसलेल्याला आहे, याचं समर्थन मला करता येत नाही. निवडणुकीत हरलेला, मिळकत नसलेला लोकप्रतिनिधी म्हातारपणी उघड्यावर पडू नये, हा मूळ हेतू चांगलाच होता. त्यासाठी किमान पाच वर्षांची अट, आणि इतर उत्पन्न असेल तर पेन्शन नाही, एवढं केलं तरी पुरे. मधु लिमयेंनी खासदारकीची पेन्शन घेतली नाही, स्वातंत्र्यसैनिकाचीही घेतली नाही. प्रत्येकाने तसं वागावं अशी अपेक्षा करता येत नाही, पण नियम त्या दिशेने झुकवता येतो.

आपल्या खासदाराचं काम कुठे पाहायचं

संसदेच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदाराने विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं नावानिशी सापडतात. कुठल्या समितीवर तो आहे, चर्चेत काय बोलला, हेही मिळतं. पीआरएसच्या साइटवर हजेरीची टक्केवारी आणि राज्याची सरासरी एकत्र पाहता येते. ती पाहताना एक ध्यानात ठेवा : मंत्री, सभापती आणि विरोधी पक्षनेता यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही, म्हणून त्यांची हजेरी तिथे दिसत नाही. मंत्री झालेल्या खासदाराच्या नावावर प्रश्नही नसतात, कारण तो उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर असतो. बाकीच्यांच्या बाबतीत, गेल्या अधिवेशनात त्याने आपल्या जिल्ह्याबद्दल काय विचारलं आणि मंत्र्याने काय उत्तर दिलं, हे दहा मिनिटांत वाचून होतं. तो पुढच्या वेळी गावात आला की ते उत्तर छापून सोबत घेऊन जा.